दुकान छोटं आहे आणि सरकारी योजना घ्यायचीय? मग सुरुवात इथून करा

आमचं सांगलीत किराणा दुकान आहे, आप्पांनी म्हणजे माझ्या वडिलांनी टाकलेलं, दहा बाय पंधराचं, गल्ल्यावर बसलं की पाठीमागं तेलाचे डबे आणि पुढं बिस्किटाच्या बरण्या, बास. गेली काही वर्षं आजूबाजूच्या दुकानदारांचे फॉर्म भरून द्यायचं काम आपसूकच माझ्याकडं आलंय, कारण सगळ्यांना आप्पांचा मुलगा कॉम्प्युटरवर बसतो एवढंच माहितीय. त्यामुळं तेच तेच प्रश्न येतात आणि तीच तीच चूक दिसते, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. पहिल्यांदाच या भानगडीत पडताय असं धरून लिहिलंय, ज्यांना माहितीय त्यांनी पुढं सरकायला हरकत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. "सरकार छोट्या दुकानदाराला पैसे देतंय" असा मेसेज आला की समजायचं अर्धं खोटं आहे. चालू दुकानाला सरकार सहसा रोख पैसे देत नाही. देतं काय, तर तारण न ठेवता कर्ज मिळायची सोय, त्या कर्जाला सरकारी हमी, काही जणांना व्याज परत, टॅक्समध्ये सोपी पद्धत, आणि पूरबीर आला तर थोडीफार मदत. आणि यातलं प्रत्येक कागदावर असलेल्या दुकानाला मिळतं. तुमचं दुकान तीस वर्षं चालू आहे हे अख्ख्या पेठेला माहिती असलं तरी बँकेच्या कॉम्प्युटरला माहिती नसेल तर ते दुकान नाहीच.

पहिलं काम : दुकान कागदावर आणा

गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्ट. महाराष्ट्रात 2017 चा नवा कायदा आल्यापासून दहापेक्षा कमी कामगार असतील तर पूर्वीसारखं लायसन काढायची आणि दरवर्षी रिन्यू करत बसायची गरज राहिली नाही, फक्त दुकान चालू आहे अशी ऑनलाइन सूचना द्यायची आणि त्याची पावती मिळते. ती पावती प्रिंट काढून लॅमिनेट करून गल्ल्याच्या वर लावा. खूप जण म्हणतात आम्हाला लागतच नाही मग कशाला काढू. लागत नसली तरी बँकवाला पहिला कागद हाच मागतो, आणि पावतीवर दुकानाचा पत्ता आणि सुरू झाल्याची तारीख असते हे पुढं फार कामाला येतं, का ते शेवटी सांगतो.

खाण्यापिण्याचं काही विकत असाल तर फूड लायसन पण. ठराविक उलाढालीपर्यंतच्या छोट्या दुकानाला लायसन नाही, साधी नोंदणी असते, वर्षाला 100 रुपये फी. एजंट हजार-दीड हजार घेतात, स्वतः भरलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं : उद्यम

ही खरी चावी. उद्यम म्हणजे छोट्या धंद्याची केंद्र सरकारकडची नोंदणी. पूर्वी किरकोळ आणि होलसेल व्यापाऱ्यांना एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांमधून बाहेर काढलेलं होतं, 2 जुलै 2021 ला केंद्रानं परत आत घेतलं. म्हणजे आता किराणा, कापड, स्टेशनरी, मोबाईल ॲक्सेसरीज, कोणीही उद्यम नोंदणी करू शकतो. फक्त एक अट आहे आणि ती कोणी सांगत नाही : व्यापाऱ्यांना याचा फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता आहे. म्हणजे बँकांना ठराविक कर्ज छोट्या उद्योगांना द्यावंच लागतं, त्या कोट्यात तुम्ही बसता, तेवढंच. ते "45 दिवसांत पैसे दिले नाहीत तर व्याज लागेल" वाला नियम आपल्याला लागू नाही, तो माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. हॉटेलवाल्याकडं तुमची किराण्याची उधारी अडकलीय म्हणून उद्यम दाखवून काही होणार नाही, मी स्वतः आशेनं बघून आलोय.

नोंदणी पूर्ण फुकट. कागद अपलोड करायचा नाही, आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल ओटीपीसाठी हातात पाहिजे. साईट एकच, उद्यमरजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर बंद करा. गुगलवर शोधलं की वर जाहिरातीत हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साईट येतात, तिरंगा बिरंगा सगळा लावलेला, आणि शेवटी दीड-दोन हजार मागतात. आमच्या शेजारच्या बांगड्यावाल्या मावशींनी असे पैसे भरले, सर्टिफिकेट खरं आलं म्हणून त्यांना वर्षभर कळलंच नाही की फुकटात मिळतं.

फॉर्ममध्ये लोक अडकतात ती जागा म्हणजे एनआयसी कोड, धंदा कुठल्या प्रकारचा ते सांगणारा सरकारी नंबर. ट्रेडिंग निवडा आणि किरकोळ विक्रीचा गट 47 चा आहे, त्यात तुमच्या मालाप्रमाणं कोड शोधा, किराण्याला 47110 बसतो. इथं चुकून उत्पादनाचा कोड टाकला की पुढं बँकेचा माणूस दुकानात येऊन विचारतो मशीन कुठंय म्हणून. सूक्ष्म, लघु, मध्यम यातलं आपण कुठं याची काळजी नको, एप्रिल 2025 पासून 10 कोटीपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटीपर्यंत गुंतवणूक म्हणजे सूक्ष्मच, आपण सगळे त्यातच मावतो. आणि ज्यांच्याकडं जुनं उद्योग आधार आहे त्यांनी ते जपून ठेवलं असेल तर ठेवा आठवण म्हणून, ते जून 2022 नंतर चालत नाही, नवीन उद्यम काढा.

तिसरं : बँकेत दिसा

हे महिना-दोन महिन्यांत होत नाही म्हणून आजपासून सुरू करा. आपल्याकडं काय होतं, सकाळी गल्ला उघडला की त्यातूनच दूधवाला, त्यातूनच लाईनवर आलेल्या कंपनीच्या पोराचं बिल, त्यातूनच पोरांची फी, उरलं ते पतपेढीच्या पिग्मीत. धंदा महिन्याला अडीच लाखाचा आणि बँकेच्या पासबुकात दिसतात चाळीस हजार. मग बँक चाळीस हजाराच्या हिशोबानंच कर्ज देणार, तिचं काय चुकलं.

तर दुकानाच्या नावानं चालू खातं उघडा (गुमास्ता आणि उद्यमवर उघडतं), क्यूआर त्या खात्याला जोडा, घरच्या बचत खात्याला नको. यूपीआयवर गिऱ्हाइकानं सरळ खात्यातून पैसे टाकले तर दुकानदाराला चार्ज लागत नाही. रोख गल्ला पण आठवड्यातून दोनदा भरा. सहा महिन्यांचं असं स्टेटमेंट तयार झालं की तुमची निम्मी फाईल तिथंच झाली. उधारीची वही मात्र बँकेला दाखवून उपयोग नाही. आप्पांनी एकदा कौतुकानं दाखवली होती, लाल कापडी बांधणीची, तर फील्ड ऑफिसर म्हणाला "काका, ही येणी आहेत का गेली?" आप्पा दोन दिवस बोलले नाहीत.

जीएसटीबद्दल थोडंच

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही. त्याच्या वर गेलात तर कंपोझिशन म्हणजे जीएसटी भरायची सोपी पद्धत बघा, दीड कोटीपर्यंत चालतं, उलाढालीवर 1 टक्का, तीन महिन्यांतून एकदा भरणा आणि वर्षाला एक रिटर्न. पण त्यात गिऱ्हाइकाकडून टॅक्स वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेला टॅक्स परत मिळत नाही. गल्लीतल्या दुकानाला चालतं, पण हॉटेल-कंपन्यांना माल देत असाल तर त्यांना तुमच्या बिलावर क्रेडिट मिळणार नाही आणि ते दुसरीकडं जातील. हे सीएला विचारून ठरवा, फॉर्म भरणाऱ्याला नको (मला पण नको).

इन्कम टॅक्सचं रिटर्न मात्र भराच, टॅक्स बसत नसला तरी. जुन्या कायद्यात 44एडी म्हणायचे ती अंदाजी नफ्याची पद्धत छोट्या धंद्याला सोपी पडते, वह्या ठेवायची कटकट नाही. बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि मागची तीन वर्षं एकाच दिवशी भरलेली असली की त्यांच्या लगेच लक्षात येतं.

चौथं : कर्ज, आणि किती मागायचं

मुद्रा सगळ्यांनी ऐकलंय. 8 एप्रिल 2015 ला सुरू झालं. 50 हजारांपर्यंत शिशु, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण, आणि ज्यांनी तरुण कर्ज घेऊन नीट फेडलंय त्यांना 2024 पासून तरुण प्लसमध्ये 20 लाखांपर्यंत. तारण नाही. सबसिडी पण नाही हे परत एकदा वाचा. मुद्रा नावाचं ऑफिस तुम्हाला पैसे देत नाही, कर्ज बँकच देते, सरकार मागून हमी देतं, बुडालं तर बँकेचा काही भाग सुटतो, तुम्ही सुटत नाही, सिबिलवर म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर बसतंच.

पथारी, हातगाडी, फिरते विक्रेते यांच्यासाठी स्वनिधी वेगळी आहे, 2020 च्या लॉकडाऊननंतर आलेली. ऑगस्ट 2025 मध्ये ती 2030 पर्यंत वाढवली आणि पहिलं कर्ज 10 चं 15 हजार, दुसरं 20 चं 25 हजार केलं, तिसरं 50 हजारच. वेळेवर फेडलं तर व्याजात 7 टक्के सबसिडी. अर्जाला नगरपालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. पक्क्या गाळ्यातल्या दुकानदाराला ही नाही.

आता किती मागायचं. इथं सगळे गडबडतात, "मुद्रात 10 लाख मिळतात" म्हणून 10 मागतात. आमच्याच दुकानाच्या आकाराचा हिशोब सांगतो, बघा. रोजची विक्री धरा 8 हजार, म्हणजे महिन्याला 2 लाख 40 हजार, वर्षाला 29 लाखांच्या आत. किराण्यात सगळं मिळून 10 टक्के सुटले तर देव पावला, म्हणजे महिन्याला 24 हजार. त्यातून लाईट बिल, फ्रीजचं असतं म्हणून जास्तच, भाडं असेल तर भाडं, पोऱ्याचा पगार. राहिले समजा 14-15 हजार आणि त्यावर घर. आता 3 लाख, 5 वर्षं, 11 टक्के धरलं तर हप्ता येतो साधारण साडेसहा हजार. जमतंय का? ओढून ताणून. 10 लाख घेतले असते तर हप्ता पावणेबावीस हजार, म्हणजे दुकान बँकेसाठी चालवायचं.

आणि दुसरी गोष्ट, हप्त्याचं कर्ज म्हणजे टर्म लोन हे फ्रीज, रॅक, बिलिंग मशीन, दुकानाची डागडुजी यासाठी घ्यायचं. माल भरायला पाहिजे असेल तर कॅश क्रेडिट मागा, सीसी म्हणतात ते. त्यात लिमिट मिळतं, दिवाळीच्या आधी उचललं, दिवाळी झाली की भरलं, जेवढे दिवस वापरलं तेवढ्याच दिवसांचं व्याज. छोट्या धंद्याला बँका सीसी काढतात ते वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या 20 टक्के या ठोकताळ्यानं, म्हणजे 29 लाखांच्या विक्रीला पावणेसहा लाखांच्या आसपास. पण ती विक्री स्टेटमेंट आणि रिटर्नमध्ये दिसली पाहिजे, म्हणून तिसरं काम आधी सांगितलं. मॅनेजर लोक टर्म लोन गळ्यात मारतात कारण त्यांना सोपं पडतं, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट बघत बसावं लागत नाही. तुम्ही सीसीच पाहिजे म्हणून सांगा.

फाईलमध्ये काय : आधार, पॅन, गुमास्ता, उद्यम, सहा ते बारा महिन्यांचं स्टेटमेंट, रिटर्न, गाळ्याचा भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती, वस्तू घ्यायची असेल तर कोटेशन, दोन फोटो, आणि एका पानावर स्वतःच्या शब्दांत धंदा काय, पैसे कशाला, फेडणार कसे. हे एक पान कोणी देत नाही आणि तेच सगळ्यात जास्त वाचलं जातं. प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणून जे छापील तीस पानं मिळतात ना बाजारात, त्यात दरवर्षी विक्री 15 टक्क्यांनी वाढलेली असते, फील्ड ऑफिसर ते उघडत पण नाही.

जाताना आपलं खातं जिथं आहे त्याच बँकेत आधी जा. जनसमर्थ या सरकारच्या कर्जाच्या पोर्टलवरून ऑनलाइन पण अर्ज होतो, त्याचा फायदा म्हणजे नंबर मिळतो. कागदानं दिलात तर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. आमच्या ओळखीच्या एका टेलरिंग मटेरियलवाल्याला एका बँकेनं चार महिने "पुढच्या आठवड्यात या" केलं आणि शेवटी म्हणाले अर्जच नाही तुमचा. पोच नव्हती, काय बोलणार.

बँक नाही म्हणाली तर

तीन गोष्टी लक्षात ठेवा. 20 लाखांपर्यंतच्या (एप्रिल 2026 च्या आधी 10 लाख होतं) सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, घराचे कागद मागितले तर लेखी मागा म्हणावं. 25 लाखांपर्यंतच्या अर्जावर, कागद पूर्ण असतील तर, 14 कामाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. आणि नाकारलं तर कारण लेखी मागायचं. भांडत नाही, गोड बोलून मागायचं, पण मागायचं. कारण सिबिल असेल तर रिपोर्ट काढून बघा, मोबाईलच्या हप्त्यावर राहिलेल्या बाराशे रुपयांनी पण लोकांची कर्जं अडकलेली बघितलीत मी.

तरी हललं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचा मॅनेजर असतो, एलडीएम, त्याला भेटा, हे पद फार कोणाला माहिती नसतं पण त्याचं कामच हे आहे. आधी बँकेत लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, 14448 ला फोन करून विचारता येतं.

व्याज परत मिळणाऱ्या योजना

महाराष्ट्रात महामंडळं आहेत, आपापल्या समाजाप्रमाणं बघायची. अण्णासाहेब पाटील, महात्मा फुले, अण्णाभाऊ साठे, वसंतराव नाईक, ओबीसीसाठी इतर मागासवर्गीय महामंडळ, मौलाना आझाद, आदिवासींसाठी शबरी. प्रत्येकाचं वेगळं आहे आणि रकमा बदलत असतात म्हणून आकडे देत बसत नाही, जिल्हा कार्यालयात जाऊन चालू वर्षाचं विचारा. पण अण्णासाहेब पाटीलमध्ये एक गोष्ट जिथं शेकडो लोक चुकतात : आधी ऑनलाइन अर्ज करून पात्रता पत्र, एलओआय म्हणतात ते घ्यायचं, मग बँकेत कर्ज मंजूर करून घ्यायचं. आधी कर्ज घेतलं आणि मग व्याज परत मागायला गेलात तर नाही मिळत. आणि व्याज परत येतं ते हप्ता वेळेवर भरला असेल त्याच महिन्यांचं, आधी तुम्ही पूर्ण हप्ता भरायचा, मग ते तुमच्या खात्यात टाकणार. ते पण कधी कधी उशिरा येतं, त्या पैशावर घर चालवायचा प्लॅन करू नका.

पीएमईजीपी या केंद्राच्या योजनेची 35 टक्के सबसिडी ऐकून पुष्कळ जण येतात. ती नवीन युनिटसाठी आहे, चालू किराणा दुकानाला नाही. पण दुकानाच्या मागं मसाला कांडप, पिठाची गिरणी, पापड असं काही करत असाल तर प्रक्रिया उद्योगाची केंद्राची योजना आहे, पीएमएफएमई, त्यात 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान. ती आपल्याकडं कृषी खात्यातून चालते, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात विचारून उपयोग नाही, कृषी अधीक्षकांच्या ऑफिसात जा आणि अर्ज घेणं चालू आहे का ते आधी विचारा. तिथं जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणून माणूस नेमलेला असतो, फाईल करून द्यायचे पैसे त्याला सरकार देतं, तुम्ही द्यायचे नाहीत.

पाचवं : विमा आणि पंचनामा

हे शेवटी ठेवलं कारण लोक इथपर्यंत वाचत नाहीत आणि नंतर फोन करतात.

ऑगस्ट 2019 ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. आठ दिवसांनी शटर उघडलं तर साखरेची पोती रिकामी होती. कोणी नेली नव्हती, साखर विरघळून गेली होती, नुसता चिकट तागाचा ढीग. डाळी फुगून पोती फाटलेली, आणि त्या वासात आप्पा स्टुलावर बसून राहिले. पंचनाम्याला माणसं आली, विचारलं माल किती होता. आप्पांनी सांगितलं दोन-सव्वादोन लाख. कागद? खरेदीची बिलं गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात होती, त्यांचा लगदा झालेला. शेवटी डिस्ट्रिब्युटरांकडून दोन महिन्यांची बिलं परत काढून आणली, तेव्हा कुठं काहीतरी लिहिलं गेलं, मिळालेली मदत नुकसानीच्या मानानं फारच थोडी.

2021 ला चिपळूण, सांगली, कोल्हापूरला परत पूर आला तेव्हा राज्य सरकारनं दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के पण जास्तीत जास्त 50 हजार, आणि टपरीवाल्यांना 10 हजारांपर्यंत असं ठरवलं होतं. अट होती अधिकृत दुकान, स्थानिक रहिवासी, मतदार यादीत नाव, रेशनकार्ड. अधिकृत म्हणजे काय, तर तीच गुमास्त्याची पावती. प्रत्येक वेळी वेगळा जीआर निघतो, रक्कम बदलते, पण पंचनामा आणि कागद हे दोन बदलत नाहीत. पाणी ओसरलं की घाईनं चिखल काढू नका, आधी फोटो, व्हिडिओ, शटरवरची पाण्याची खूण दिसेल असा, मग तलाठ्याला किंवा पालिकेला कळवा, पंचनाम्यावर सही करताना आकडा वाचा.

आणि सरकारी मदतीवर राहूच नका, विमा काढा. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे, विमा नियामकानंच ठरवून दिलेली, 2021 पासून सगळ्या जनरल विमा कंपन्यांना द्यावी लागते, आग, पूर, वादळ त्यात येतं. माल किती धरलाय ते नीट सांगा, नेहमी किती असतो ते नको, दिवाळीला जास्तीत जास्त किती असतो ते. चोरीचं कव्हर काय आहे ते वाचून घ्या. बँकेनं कर्जाबरोबर विमा काढला असेल तर कॉपी मागा, खूप वेळा तो फक्त कर्जाच्या रकमेएवढाच असतो. आणि स्वतःचा, वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमा बँकेतच निघतो, वयात बसत असाल तर तेवढे तरी चालू करा.

आता आमच्याकडं दर वर्षी 1 जूनला मी दुकानाचा व्हिडिओ काढतो, एकेक रॅक, पोत्यांची मोजणी बोलून, आणि बिलांचे फोटो मेलवर. आप्पा मागून ओरडत असतात की तो खालचा कप्पा पण घे रे, खोबरेल तिथं आहे.